दुसऱ्याची गोधडी



अमेरिकेतील ओहायो राज्यात राहणाऱ्या माझ्या मुलीने तीन वर्षांपूर्वी एका सकाळी दूरध्वनीवर सांगितले, की ती आता पैसे घेऊन लोकांच्या गोधड्या शिवून देणार आहे. ऐकून मी क्षणभर गप्पच राहिले. आमच्या सांगलीकडे गोधडीला वाकळ म्हणतात. वाकळ शिवून देणारी बाई म्हटले की माझ्या डोळ्यांपुढे उभी राहते ती आमच्या जुन्या घराच्या सोप्यात पाय पसरून बसलेली, जाड दोऱ्याची सुई हाती धरलेली आणि शेजारी जुन्या लुगड्यांचा ढीग असलेली एक वृद्धा. संगणकशास्त्राची पदवी घेतलेल्या, पंधरा वर्षे नोकरी केलेल्या मुलीचे चित्र त्या जागी मला ठेवता येईना. तिची नोकरी कर्मचारी कपातीत गेली होती, हे मला ठाऊक होते. तरीही तोंडून निघून गेले, "अगं, गोधड्या शिवून का कोणाचं घर चालतं?"

"आई, तू बँकेत कर्जाचे अर्ज तपासायचीस ना? तसाच माझा अर्ज तपास, आणि मग बोल," ती म्हणाली.

त्या अर्जाची आणि त्यानंतर घडलेल्या एका प्रसंगाची हकीकत या वेळी वाचकांपुढे ठेवते. तिच्यात थोडे व्यवसायाचे आहे, थोडे हिशेबाचे आहे. आणि शेवटी जे आहे ते माझ्याविषयीचे आहे. ते लिहावे की न लिहावे, या विचारात बरेच महिने गेले.

आधी हा व्यवसाय काय आहे ते समजून घ्यावे लागले. तिकडची गोधडी, म्हणजे क्विल्ट, तीन थरांची असते. वरचा थर शेकडो लहान तुकडे मापात कापून आणि पाव इंचाची शिवण धरून जोडलेला असतो. त्याला टॉप म्हणतात. सर्वांत खाली अस्तर आणि मध्ये कापसाची किंवा अन्य तंतूंची सलग लादी, म्हणजे बॅटिंग. या तिन्ही थरांना एकत्र धरून ठेवणारी टाक्यांची नक्षी म्हणजे क्विल्टिंग. आपल्या वाकळीत काठापासून आत आत जाणारा धावदोरा जे काम करतो, तेच हे काम. टॉप जोडण्याचा छंद असलेल्या स्त्रिया त्या देशात अगणित आहेत. त्यांची अडचण त्यापुढे सुरू होते. घरगुती शिलाई यंत्रात सुईपासून उजव्या खांबापर्यंतची मोकळी जागा सात ते नऊ इंचांची. दोन माणसांच्या पलंगाची गोधडी नव्वद इंच रुंद. ती गुंडाळून त्या फटीतून पुढे-मागे रेटायची, म्हणजे खांदे आणि मनगटे भरून येतात. म्हणून हौसेने जोडलेले टॉप कपाटात वर्षानुवर्षे घडी होऊन पडतात.

लाँगआर्म नावाच्या यंत्राने ही रचनाच उलटी केली. यात कापड जागेवर राहते आणि यंत्र फिरते. दहा-बारा फूट लांबीच्या चौकटीला रूळ असतात; त्यांवर अस्तर ताणून गुंडाळायचे, त्यावर लादी आणि टॉप पसरायचा. यंत्राचे डोके चाकांवर बसवलेले असते. दोन मुठी धरून ते कापडावरून लेखणीसारखे फिरवायचे. सुईमागची जागा अठरा ते सव्वीस इंचांची, काही यंत्रांत त्याहूनही अधिक. हात वेगाने फिरो वा सावकाश, इंचाला दहा-बारा टाके सारखेच पडावेत, अशी नियंत्रक योजना त्यात असते. यंत्राच्या मागल्या बाजूस कागदावर छापलेली नक्षी पसरून, प्रकाशाचा ठिपका तिच्यावरून नेत संपूर्ण गोधडीवर एकच नक्षी उमटवता येते. तिला पँटोग्राफ म्हणतात. ग्राहकाला हवे असल्यास प्रत्येक चौकोनात निराळे काम करायचे. त्याला अर्थातच वेळ आणि दाम दोन्ही अधिक. मिसुरी राज्यातील वेस्ट प्लेन्स, आयोवातील कॅरोल अशा लहान गावांत ही यंत्रे बनू लागली, आणि गेल्या चाळीसेक वर्षांत हजारो स्त्रियांनी घराच्या तळघरात किंवा गॅरेजमध्ये एक यंत्र मांडून इतरांचे टॉप पुरे करून देण्याचा उद्योग उभा केला.

या उद्योगाला प्रतिष्ठा काही सहज मिळाली नाही. हाताने घातलेला टाकाच खरा, असे मानणारी मंडळी तेथेही होती आणि आहेत. १९८९ साली केंटकी राज्यातील पाड्यूका येथील राष्ट्रीय प्रदर्शनात कॅरिल ब्रायर फॅलर्ट या कलावतीच्या, यंत्राने टाके घातलेल्या गोधडीला सर्वोच्च पारितोषिक मिळाले, तेव्हा मोठा वाद झाला. दुसऱ्याकडून टाके घालून घेणाऱ्या बाईला 'चेकबुकाने गोधडी शिवणारी' असा टोमणाही बसे. मी जन्मभर चेकबुकांत वावरलेली. मला त्यात हिणवण्यासारखे काही वाटले नाही. आज प्रदर्शनांतून टॉप जोडणारी आणि टाके घालणारी अशा दोघींचीही नावे लावतात. श्रमाची नोंद ज्याच्या त्याच्या खात्यावर पडावी, हे मला हिशेबाच्या दृष्टीनेही योग्य वाटते.

आता अर्ज. मुलीने यंत्र पाहून ठेवले होते. नवे यंत्र घ्यायचे तर किंमत मोटारगाडीच्या बरोबरीने जाते. म्हणून तिने वापरलेले, चौकटीसह १२,००० डॉलरचे निवडले होते. कर्ज काढायचे नव्हते. नोकरी सुटताना मिळालेल्या रकमेतून ते येणार होते. तिने दर धरला होता चौरस इंचाला दोन सेंट. त्या व्यवसायात लांबी-रुंदीचा गुणाकार करून चौरस इंचावरच मजुरी ठरते. साठ इंच रुंद आणि पंचाहत्तर इंच लांब गोधडी म्हणजे ४,५०० चौरस इंच. मजुरी ९० डॉलर. दोरा, सुया, बॉबिन यांचे सहा डॉलर वजा जाता राहिले ८४. यंत्राचे आयुष्य आठ वर्षे धरले तर घसारा महिन्याला १२५ डॉलर. विमा, देखभाल आणि वीज मिळून आणखी १२५. म्हणजे २५० डॉलरचा स्थिर खर्च तीन गोधड्यांत निघतो आणि चौथीपासून नफा. तिच्या कागदावर येथे आनंदीआनंद होता.

मी विचारले, "एका गोधडीला तास किती?"

"चार."

"ग्राहकाशी बोलणं, माप घेणं, अस्तराला इस्त्री करणं, चौकटीवर चढवणं, उतरवणं, कडा कापणं, बिल लिहिणं, हे सगळं धरून?"

थोडा वेळ पलीकडून काही आवाज आला नाही. मग उत्तर आले, "सहा."

महिन्याला आठ गोधड्या आल्या असे समजू. ८४ डॉलरप्रमाणे ६७२. त्यातून स्थिर खर्च गेला की ४२२. तास लागले ४८. म्हणजे ताशी पावणेनऊ डॉलर. ओहायोतील कायद्याने ठरवलेले किमान वेतन ताशी दहा डॉलरांच्या वर आहे. शिवाय नोकरदाराच्या सामाजिक सुरक्षेचा अर्धा वाटा मालक भरतो. स्वतःचा व्यवसाय असला की दोन्ही वाटे आपलेच, आणि तो स्वयंरोजगार कर १५.३ टक्के. यंत्राची मालकीण होऊन माझी मुलगी स्वतःला किमान वेतनही देणार नव्हती. घरगुती उद्योग करणाऱ्या कितीतरी भगिनींचे अर्ज मी बँकेत पाहिले आहेत. पापड असोत, मसाले असोत वा शिवणकाम. प्रत्येक कागदावर पिठाचा भाव असे, गॅसचा खर्च असे, आणि करणारीचा वेळ मात्र फुकट असे. सात समुद्रांपलीकडून आलेल्या अर्जातही तीच चूक पाहून मला हसू आले आणि वाईटही वाटले.

दर अडीच सेंट केला तर त्याच आठ गोधड्यांत ताशी साडेबारा डॉलर पडतात. अर्ध्या सेंटाने इतका फरक. मुलीला भीती, की नवशिक्या बाईला एवढा दर कोण देईल? मी सांगितले, की शिकत असताना कमी घ्यावे, पण तसे लिहून आणि मुदत घालून घ्यावे. पहिल्या दिवशी संकोचाने सांगितलेला दर पुढे दहा वर्षे पाठ सोडत नाही. याखेरीज लहान गोधडीलाही किमान एक रक्कम ठरवावी, घरखर्चाचे आणि व्यवसायाचे खाते निराळे असावे, आणि सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवल्याशिवाय यंत्र घेऊ नये, अशा अटी मी घातल्या. तिने त्या मान्य केल्या. अर्ज मंजूर झाला.

यंत्र आले आणि तळघरात उभे राहिले. त्यानंतरचे तीन महिने तिने एकही डॉलर घेतला नाही. मैत्रिणींच्या, शेजारणींच्या आणि दान द्यावयाच्या बारा गोधड्या तिने विनामूल्य पुऱ्या केल्या. या काळात तिला सर्वाधिक छळले ते दोऱ्याच्या ताणाने. वरचा दोरा आणि बॉबिनचा दोरा यांची गाठ बरोबर मधल्या लादीत पडावी लागते. वरचा ढिला असला तर अस्तराच्या बाजूस दोऱ्याची वेटोळी उमटतात. लाँगआर्मवर काम करताना खालची बाजू दिसत नाही. चौकटीखाली वाकून, दिवा धरून पाहावे लागते. एकदा तिने उत्साहाच्या भरात अर्धी गोधडी पुरी केली, उतरवून पाहिली तो वर मोत्यांसारखे टाके आणि खाली सगळा गुंता. चार तासांचे काम उसवायला तिला तीन रात्री लागल्या. तेव्हापासून कडेच्या जादा कापडावर ताण तपासल्याशिवाय ती सुरुवात करीत नाही, आणि प्रत्येक वेळी कापड पुढे गुंडाळण्याआधी खाली वाकून पाहते. अस्तर टॉपपेक्षा चारही बाजूंनी चार-चार इंच मोठे का मागतात, हे तिला याच काळात समजले. ते जादा कापड चौकटीला ताण देण्यासाठी आणि अशा तपासणीसाठी असते.

मग पैसे देणारे ग्राहक येऊ लागले. आणि चौथ्या-पाचव्या ग्राहकाच्या वेळी तो प्रसंग घडला.

शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई एक टॉप घेऊन आल्या. तो त्यांच्या धाकट्या बहिणीने जोडला होता, आणि ती बहीण आदल्या वर्षी वारली होती. नमुना 'लॉग केबिन' नावाचा, म्हणजे लाकडी ओंडक्यांचे घर. मध्ये एक लहान लाल चौकोन आणि त्याभोवती कापडाच्या पट्ट्या एकावर एक रचत गेलेल्या; तो लाल चौकोन म्हणजे घरातली चूल, अशी तिकडची समजूत. बाईंनी टॉप टेबलावर पसरला आणि हात फिरवून फक्त एवढेच म्हटले, की बहिणीला तो पुरा करायचा होता.

दशलक्षण पर्वातील तिसरा दिवस होता, उत्तम आर्जवाचा. सकाळचे साडेसात वाजले होते आणि मी मंदिरात निघण्याच्या तयारीत होते. तेवढ्यात मुलीचा दूरध्वनी आला. तिच्याकडे रात्रीचे दहा. तिचा आवाज ऐकूनच मी खाली बसले. टॉपमधील एक शिवण थोडी सुटलेली होती. यंत्राच्या सुईभोवती धातूचा एक गोल पाय असतो. तो वेगाने जाताना त्या सुटलेल्या शिवणीत अडकला आणि निळ्या पट्टीचे कापड दोन इंच फाटले. चुलीच्या लाल चौकोनाला लागूनच.

वाचकहो, येथे मला जे लिहायचे आहे ते लिहिते. मी तिला म्हटले, "घाबरू नकोस. त्याच रंगाचा तुकडा आतून लाव, वरून दाट नक्षी घाल. कोणाला दिसणार आहे? शिवण तर तिच्या बहिणीचीच सुटलेली होती. बोलून त्या बाईंना उगाच दुःख कशाला द्यायचं?"

तीन वाक्यांत मी तीन सबबी दिल्या आणि शेवटच्या सबबीला करुणेचे वस्त्रही नेसवले. पलीकडे मुलगी गप्प होती. मग ती म्हणाली, "आई, शिवण सुटलेली होती हे खरं आहे. पण चौकटीवर चढवण्याआधी मी ती तपासली नाही, हेही खरं आहे. आणि ती गोधडी माझी नाहीये."

मी मंदिरात गेले. त्या दिवशी आर्जव धर्मावर प्रवचन होते; मनात एक, वाणीत दुसरे आणि कृतीत तिसरे असू नये, याचे विवेचन चालले होते. मी मान खाली घालून ऐकत होते. शेजारच्या बाईंना वाटले असेल, की मी फार एकाग्र झाले आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीने त्या बाईंना बोलावून घेतले आणि गोधडी चौकटीवर असतानाच फाटलेली जागा दाखवली. काय झाले, कसे झाले, आपली चूक कोणती, हे सांगितले. दुरुस्तीचे जे पर्याय होते तेही सांगितले, आणि मजुरी घेणार नाही असे म्हटले. बाई बराच वेळ त्या जागेकडे पाहत राहिल्या. रागावल्या नाहीत, पण काहीच न बोलता निघून गेल्या. त्यानंतरचे चार दिवस माझ्या मुलीने यंत्राला हात लावला नाही. रोज रात्री ती मला विचारी, "आई, मी हे काम करण्याच्या लायकीची आहे का गं?" त्या प्रश्नाला उत्तर देण्याचा अधिकार मी माझ्या सल्ल्याने आधीच गमावून बसले होते.

पाचव्या दिवशी बाई परत आल्या. हातात बहिणीच्या शिवणटोपलीतून काढलेल्या चिंध्यांची पिशवी होती. त्यात तेच निळे कापड सापडले. दोघींनी मिळून फाटलेली पट्टी उसवली आणि नवी बसवली. गोधडी पुरी झाली तेव्हा बाईंनी मजुरी पूर्ण दिली, नको म्हटले तरी दिली, आणि मागे लावायच्या नावाच्या पट्टीवर बहिणीच्या नावाखाली माझ्या मुलीचेही नाव घालायला सांगितले. त्यानंतर त्या पुन्हा आलेल्या नाहीत. मनात दुखावल्या म्हणून, की पुरे करून घ्यायला आणखी काही नव्हते म्हणून, कोण जाणे. खरे बोलल्याबद्दल ग्राहक कायमचा जोडला गेला, असा शेवट लिहिता आला असता तर वाचायला गोड वाटले असते. पण तसे घडले नाही.

या प्रसंगानंतर मी माझे जुने कायद्याचे पुस्तक काढले. बँकेच्या परीक्षांसाठी १८७२ च्या भारतीय करार कायद्यातील निक्षेपाचे प्रकरण आम्ही पाठ केले होते. एका विशिष्ट कामासाठी वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात देणे आणि काम झाल्यावर ती परत घेणे, याला निक्षेप म्हणतात. कलम १५१ सांगते, की सामान्य शहाणपणाचा माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची जेवढी काळजी घेईल, तेवढी निक्षेप घेणाऱ्याने घेतली पाहिजे. कलम १७० सांगते, की त्या वस्तूवर कौशल्य आणि श्रम खर्च केले असतील तर मजुरी मिळेपर्यंत ती ताब्यात ठेवण्याचा त्याला अधिकार आहे. अमेरिकेतील तत्त्वही याच मुळातून, इंग्रजी कायद्यातून आलेले. शिंप्याकडे दिलेले कापड, सोनाराकडे दिलेली पाटली, धोब्याकडे दिलेली साडी आणि माझ्या मुलीकडे आलेला टॉप, कायद्याच्या दृष्टीने सारखेच. घराच्या साध्या विम्यात अशा परक्या वस्तूंचा समावेश बहुधा नसतो, त्यासाठी निराळे संरक्षण घ्यावे लागते, हेही आम्हाला या निमित्ताने समजले, आणि तिने ते घेतले.

परंतु कायदा जेथे थांबतो त्याच्या पुढची गोष्ट मला तत्त्वार्थसूत्रात सापडली. दुसऱ्याने विश्वासाने ठेवलेली वस्तू म्हणजे न्यास. तिच्या बाबतीत लबाडी करणे म्हणजे न्यासापहार. वास्तविक हा चोरीचा प्रकार; तो अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत असावा असे कोणालाही वाटेल. पण सातव्या अध्यायात तो आला आहे सत्य अणुव्रताच्या अतिचारांत. असे का, याचे उत्तर पूज्यपाद आचार्यांनी सर्वार्थसिद्धीत दिलेल्या अर्थावरून उलगडते. ठेव ठेवणारा माणूस आपण किती ठेवले होते ते विसरला आणि परत मागताना कमी सांगू लागला, तर 'बरोबर, तेवढेच होते' असे म्हणून त्याला संमती देणे, हा न्यासापहार. येथे कोणी कुलूप फोडलेले नाही, हात उचललेला नाही. समोरच्याचे अज्ञान आपण तसेच राहू दिले, एवढेच. चोरी झाली ती शब्दाने, किंवा वेळी न उच्चारलेल्या शब्दाने. ही व्याख्या मी पूर्वीही स्वाध्यायात वाचली होती. सोन्या-नाण्यांविषयी आहे असे समजून पुढे गेले होते. दोन इंचांच्या निळ्या पट्टीला ती लागू पडेल, असे वाटले नव्हते.

मग आम्ही मायलेकींनी मिळून तिच्या व्यवसायाची पावती नव्याने तयार केली. ग्राहकासमोर टॉप पसरून प्रत्येक शिवण पाहायची. सुटलेली असेल तेथे टाचणी लावून तसे लिहायचे. लांबी-रुंदी दोघींनी मिळून मोजायची, कारण मजुरी मापावर आहे आणि कमी-जास्त माप हा अचौर्याचा अतिचार, हीनाधिकमानोन्मान. लादी शंभर टक्के सुती सांगितली असेल तर तीच घालायची. मधला थर कोणालाच दिसत नाही, आणि म्हणूनच तेथे प्रतिरूपक व्यवहाराला वाव असतो. अस्तराच्या कापलेल्या कडा आणि उरलेली लादी ग्राहकाने मागो वा न मागो, पिशवीत घालून परत करायची. मिळालेले पैसे रोख असोत वा धनादेशाने, सगळे वहीत चढवायचे; कर चुकवणे म्हणजे विरुद्धराज्यातिक्रम. गोधडी केव्हा मिळेल ती तारीख आठवडाभर पुढची सांगायची आणि दोन दिवस आधी द्यायची. काही बिघडले तर उतरवण्याआधी, चौकटीवर असतानाच दाखवायचे, ही शेवटची ओळ मुलीने स्वतः घातली.

एक प्रश्न आणखी होता. रेशमाच्या लादीत कोषातील जीवांची हत्या येते, म्हणून ती घालणार नाही, हे तिने पहिल्यापासून ठरवले होते. लोकरीची लादी मात्र त्या व्यवसायात फार लोकप्रिय. हलकी, आणि टाक्यांची नक्षी तिच्यावर उठून दिसते. उद्योगी हिंसा गृहस्थाला संपूर्ण टाळता येत नाही, हे खरे. पण जेवढी टाळता येईल तेवढी टाळावी. ती सुती आणि बांबूच्या तंतूंचीच लादी ठेवते, आणि विचारणाऱ्यास कारण मोकळेपणाने सांगते. त्यामुळे काही काम हातचे जाते. त्या नुकसानीचा हिशेब मी तिला मांडू दिलेला नाही.

आता तिच्याकडे महिन्याला दहा-बारा गोधड्या येतात. एका गोधडीला सहाऐवजी साडेचार तास लागतात. दर अडीच सेंट आहे. नोकरीइतके उत्पन्न नाही, आणि पाठ दुखते. तरीही ती सुखी आहे, असे तिच्या आवाजावरून वाटते.

आमच्या घरी वाकळ शिवायला येणारी ती वृद्धा मला या सगळ्यात वारंवार आठवली. काम संपले की ती धडप्यांचे आणि चिंध्यांचे उरलेले लहानसे बोचके माझ्या आजीपुढे ठेवी. आजी म्हणे, "अगं, या चिंध्या काय करायच्यात मला? ने तूच." ती म्हणे, "तुम्ही दिलंत तर नेते, आक्का. पण आधी तुमच्यापुढे ठेवते." लहानपणी मला तो निव्वळ शिष्टाचार वाटे. चिंध्यांना कसली आली मोजदाद! पण तिने कधी तत्त्वार्थसूत्र ऐकले नव्हते आणि करार कायद्याची कलमे तर नाहीच नाही. तरी न्यास म्हणजे काय, हे तिला मी बँकेत गेले त्याच्या कितीतरी आधी ठाऊक होते.

आपल्यापैकी कितीतरी भगिनी घरी बसून साड्यांना फॉल लावतात, पोलकी शिवतात, लग्नाचे शालू दुरुस्त करून देतात. त्यांच्या हाती येते ते कापड दुसऱ्याचे असते, आणि त्या कापडात काय गुंतलेले आहे ते देणारीलाच ठाऊक असते. आपल्या वेळेचा दाम पुरेपूर मागावा. त्यात संकोच नको. आणि कापड हाती घेताना देणारीच्या समोर एकदा पूर्ण उलगडून पाहावे. पर्युषणाच्या शेवटी क्षमावाणीच्या दिवशी मी मुलीला दूरध्वनी केला आणि त्या सकाळच्या सल्ल्याबद्दल तिची क्षमा मागितली. ती म्हणाली, "आई, सल्ला तू दिलास, पण वळण आधी लावून ठेवलं होतंस." हे तिचे औदार्य. माझ्या खात्यावर ती रक्कम जमा करण्याचे धाडस मला होत नाही.